पंपाची सुट्टी

आमच्या जावयाने घरात समुद्र आणून ठेवला, त्याला आता बरीच वर्षं झाली. काचेची मोठी पेटी आहे, माझ्या कमरेइतक्या उंच कपाटावर बसवलेली. आत दोन नारिंगी पट्टेरी मासे, एक लाजाळू कोळंबी आणि दगडांवर फुलासारखी उघडणारी-मिटणारी पोवळी. माशांची खरी नावं जावयाला येतात, पण ती इतकी लांबलचक की हाक मारून होईपर्यंत मासा दगडामागे जाऊन परत येईल. मी त्यांना नवरा-बायको म्हणते. थोराड ती बायको, बारका तो नवरा, आणि तो कायम तिच्या मागे मागे.

समुद्र घरात ठेवला की त्याचं एक दुखणं असतं. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. माझा जन्म गेला होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करण्यात, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मंद आचेवर पातेलं विसरलं की आतलं आटून खारट होतं, तसंच हे. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज थोडं थोडं गोडं पाणी घालावं लागतं. त्यासाठी जावयाने यंत्र बसवलं होतं. कपाटाचं दार उघडलं की खाली एक धाकटी टाकी दिसते. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि गाळून पुन्हा वर जातं. त्या टाकीच्या कडेला दोन सेन्सर. एक काचेचा डोळा. पाणी त्याच्याखाली गेलं की शेजारच्या गोड्या पाण्याच्या कॅनमधला पंप सुरू व्हायचा आणि पाणी नळीतून टाकीत पडायचं. डोळ्याच्या वर एक लहानसा तरंगता गोळा. पाणी फार चढलं तर तो उचलला जायचा आणि बाहेरची डबी ओरडायची. एरवी डबीवर हिरवा दिवा. हिरवा असला की सगळं ठीक.

जावयाचा त्या सेन्सरांवर भारी जीव. दर रविवारी दाताचा मऊ ब्रश व्हिनेगरमध्ये बुडवून त्यांच्यावर चढलेली मिठाची खपली काढत बसायचा. लेक म्हणायची, माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीस. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, की एवढं साफ ठेवलं की बाकी काही बघावं लागत नाही, यंत्र सगळं सांभाळतं. पाहुणे आले की तो कपाटाचं दार हळूच उघडून दाखवायचा, जसं काही आत तान्हं बाळ निजलंय.

घरात आम्ही चौघं. लेक, जावई, मी आणि जावयाचे वडील, म्हणजे माझे व्याही. ते शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात फोरमन होते, आणि निवृत्त होऊनही त्यांच्यातला फोरमन काही निवृत्त झाला नव्हता. मी त्यांना फोरमनसाहेब म्हणते, ते मला विहीणबाई म्हणतात. आमचं पटतं असं कुणी म्हणणार नाही, पण एकमेकांवाचून करमतही नाही. त्यांना माझा चहा पांचट वाटतो. मला त्यांची खोली बघवत नाही, कारण तिथे गेल्या कित्येक वर्षांतला प्रत्येक निकामी झालेला स्क्रू जपून ठेवलेला आहे.

तर झालं असं, की एका वर्षी मी गॅसवर दूध ठेवलं आणि रेडिओ ऐकत बसले. पातेलं काळं झालं, खिडकीचा पडदा होरपळला. नंतर थोड्याच दिवसांनी फोरमनसाहेब बाथरूममध्ये घसरले आणि मनगटाला प्लॅस्टर घालून आले. लेकीने तेव्हापासून मनात धरलं, की ह्या दोघांना सांभाळायला घरात एक बाई ठेवायची. राहायला. ती माझ्या खोलीत झोपणार, दुपारी रेडिओ तिला आवडेल तो लागणार, आणि फोरमनसाहेबांनी फिरायला जायचं ते तिच्याबरोबर, तिच्या चालीने. एवढी वर्षं पंपघर चालवलेला माणूस, तो काय बाईचं बोट धरून बागेत जाणार. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा एका बाजूने भांडलो.

शेवटी तडजोड झाली. लेक-जावयाला जावयाच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जायचं होतं. तेवढे दिवस आम्ही घर नीट सांभाळलं तर बाईचा विषय बंद. नाहीतर पुढच्या महिन्यापासून बाई हजर. लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की गॅस बंद करायला तू विसरणार नाहीस, आता तुला अद्दल घडलीय. खरी परीक्षा त्या टाकीची आहे. त्यातलं काही मेलं तर मी ह्याला काय तोंड दाखवू. आणि जाता जाता हेही सांगितलं, की ती बाई मधे एकदा घर बघायला येऊन जाईल. कधी, ते मात्र नाही सांगितलं. लेक माझीच, कुठे मारायचं ते तिला बरोबर कळतं.

जावयाने निघताना कामं वाटून दिली. माशांचं खाणं माझ्याकडे, सेन्सर पुसणं फोरमनसाहेबांकडे. पाण्याला कुणी हात लावायचा नाही, ते यंत्र बघेल.

पहिल्या दिवशी सकाळी मी दार उघडून खाली बघितलं. पाणी खुणेच्या किंचित खाली वाटलं. दिवा हिरवा होता, पण दिव्याचं काय, मेसच्या फ्रिजचा दिवाही हिरवाच असायचा आणि आतलं दूध नासलेलं असायचं. मी कॅनमधून एक मग गोडं पाणी काढलं आणि अलगद ओतलं. एवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं? उलट यंत्राचा भार हलका. फोरमनसाहेब तेव्हा फिरायला गेलेले असायचे, म्हणून मी रोज तीच वेळ धरली. कधी पाणी वर चढलेलं दिसायचं, तेव्हा मी एक मग काढून मोरीत ओतायची आणि मनात यंत्राला नावं ठेवायची, की लेका, एवढा हावरटपणा बरा नव्हे. दुसऱ्या दिवशी कमी वाटलं की पुन्हा एक मग गोडं. मोठ्या पातेल्याचं असंच करायचं असतं, नजर ठेवून.

फोनवर लेक रोज विचारायची, कॅनमधलं पाणी कमी होतंय ना? मी म्हणायची, होतंय की. फोरमनसाहेब मागून म्हणायचे, व्यवस्थित होतंय. तिकडून जावई म्हणायचा, बघा, यंत्र आहे म्हणून निर्धास्त राहता येतं.

दिवस बरे चालले होते. गॅसपाशी मी खुर्ची टाकून बसत होते आणि फोरमनसाहेब बाथरूममध्ये भिंत धरून जात होते. फक्त पोवळी जरा रुसल्यासारखी वाटत होती. रोज सकाळी पंजासारखी उघडायची ती अर्धीच उघडू लागली, आणि मग एका सकाळी उघडलीच नाहीत. नवरा बायकोला सोडून एकटाच कोपऱ्यात उभा होता. मी फोरमनसाहेबांना म्हणाले, काहीतरी बिनसलंय. ते म्हणाले, नवरा-बायकोत आपण पडू नये.

त्याच सकाळी डबी ओरडायला लागली. अशी किरकिरी ओरड की पहिल्यांदा मला वाटलं शेजाऱ्यांचं काहीतरी आहे. दार उघडून बघते तर धाकटी टाकी काठोकाठ, गोळा वर उचललेला, दिवा लाल. फोरमनसाहेब अंघोळ अर्धवट टाकून, डोक्याला फेस तसाच ठेवून आले. मला मनातून बरंच वाटलं, की सेन्सर त्यांच्याकडे आहेत, म्हणजे दोषही त्यांचाच.

"बघा तुमचं यंत्र," मी म्हणाले. "पुसपुस पुसलंत आणि डोकं फिरवून ठेवलंत त्याचं. पंप थांबायलाच तयार नाही."

फोरमनसाहेबांना काहीही म्हणा, चहा घेतल्यावर झोपतात म्हणा, घोरतात म्हणा, पण त्यांच्या हाताखालचं यंत्र चुकलं असं म्हणायचं नाही. ते ताठ झाले.

"पंप चालू कुठे आहे, विहीणबाई? त्याची पिन मी पहिल्याच दिवशी काढून ठेवलीय."

बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बोलून गेलो. मी खाली वाकून बघितलं. खरंच, पिन बोर्डातून काढून वायरला व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती, वर रबरबँडसुद्धा.

"मग एवढे दिवस पाणी कोण घालतंय?"

"मी," ते म्हणाले. "दुपारी. तुम्ही झोपता तेव्हा."

मग त्यांनी बाजू मांडली. पंपघरात त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा एक पंप आपोआप सुरू झाला होता आणि थांबला नव्हता, आणि खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी झालं होतं. तेव्हापासून त्यांचा नेम असा, की माणूस उभा नसेल तर पंप चालवायचा नाही. घरात फरशी नवी, खाली दुसऱ्यांचं घर. म्हणून त्यांनी पंपाला सुट्टी दिली आणि स्वतः ड्यूटीवर उभे राहिले. मी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मान तिरपी करून विचारलं, की ते रोज एकच मग घालत होते, तर एका मगाने टाकी काठोकाठ कशी भरली?

डबी ओरडतच होती. शेवटी त्यांनी पाण्यात हात घालून दोन मग पाणी काढलं तेव्हा ती गप्प झाली. त्या शांततेत मला खोटं बोलायला जमलं नाही.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि काय काय झालं ते जुळवून बघितलं. सकाळी मी घालायची. दुपारी ते घालायचे. मग मला पाणी वर दिसायचं, मी ते खारट पाणी काढून मोरीत ओतायची. मग त्यांना कमी दिसायचं, ते गोडं घालायचे. मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. अळणी. समुद्र कसला, पथ्याचं पाणी झालं होतं ते. फोरमनसाहेबांनी जावयाची डोळ्याला लावायची नळी आणली, तिच्या काचेवर एक थेंब टाकला आणि खिडकीकडे तोंड करून बघितलं. त्या नळीत एक निळी रेघ दिसते, ती खारटपणा सांगते. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, रेघ खाली आलीय. आमचं दोघांचं मत एक झालं, अशी ती दुसरीच वेळ, आणि ती अशी.

मी म्हणाले, फोन करून जावयाला विचारू. ते म्हणाले, विचारा, आणि बाईसाठी गादी उन्हात घाला. मी फोन खाली ठेवला.

जावयाच्या खास मिठाचा डबा कपाटामागे होता. पाणी कालवताना आम्ही त्याला अनेकदा बघितलं होतं. बादलीत गोडं पाणी घेतलं, मीठ घातलं. फोरमनसाहेब लाकडी पट्टीने ढवळत होते. ते थोडं ढवळायचे, नळी डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, अजून पाहिजे. मी चमच्याने चव बघायची आणि म्हणायची, बास, जास्त होतंय. ते म्हणायचे, जीभ म्हणजे काही मीटर नाही. मी म्हणायची, ह्या जिभेवर पाचशे पोरं जेवून परीक्षा पास झाली. मग त्यांनीही एक चमचा घेतला आणि चव बघितली. त्यांना खोकला आला तो थांबेना.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात एक गोल चेहऱ्याची, हसरी, खांद्याला पिशवी लावलेली बाई. म्हणाली, मॅडमनी पाठवलंय, घर बघायला. ती बोलत बोलत आतच आली. आत काय दिसणार तिला? जमिनीभर पाणी, मधे बादली, बादलीशी मांडी घालून बसलेले, डोक्यावर साबणाचा फेस वाळलेले आणि खोकून लाल झालेले फोरमनसाहेब, हातात चमचा. आणि मी, माझ्या हातात दुसरा चमचा.

"सूप का?" तिने कौतुकाने विचारलं. "मासे घातले?"

"नाही हो," मी म्हणाले, "मासे आत आहेत. त्यांना बरं नाही."

"मग खाऊ नका," ती म्हणाली.

मी समजवायला गेले, की हे खायचं नाही, फक्त चव बघतोय. फोरमनसाहेबांनी मधे तोंड घातलं, की चव बघणं ह्यांचं, माझं नळीने. आणि नळी तिच्यासमोर धरून म्हणाले, बघा, रेघ कुठे आहे सांगा. त्या बिचारीने नळी डोळ्याला लावली, पण उलटी. मी म्हणाले, अहो तिला चमचा द्या, तिला कळेल. फोरमनसाहेब म्हणाले, नळी आधी. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला आठवलं की दुसरीकडे जायचंय. पाण्याचा ग्लाससुद्धा न घेता गेली.

फोरमनसाहेब म्हणाले, बाई स्वभावाने बरी वाटली.

मिठाचं पाणी आम्ही थोडं थोडं करून आत सोडलं, एकदम नाही. तेवढं आम्हाला दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी सेन्सर पुसले, खुणेवर घट्ट बसवले आणि पंपाची पिन बोर्डात घातली. यंत्र चालतं का बघायला त्यांनी काचेचा डोळा उचलून पाण्याबाहेर धरला. पंप घुरघुरला. पाणी मात्र नळीतून येईना. फोरमनसाहेबांनी नळीचं टोक ओढून डोळ्यांजवळ धरलं. तिच्या तोंडावर मिठाची खपली बसली होती, दगडासारखी, चांगली जाड. त्यांनी ती नखाने टोकरून बघितली, मग व्हिनेगरमध्ये बुडवली, तरी ती बराच वेळ सुटेना.

"ही काही आठवड्याची नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी पोवळ्यांकडे बघत होते. ती अजून मिटलेलीच होती.

चहाच्या वेळी लेकीचा फोन आला. आवाज पडलेला. ती बाई नाही म्हणाली होती. तिचं म्हणणं असं, की एकाला सांभाळायचं असतं तर जमलं असतं, पण त्या घरातले दोघं माशांच्या पाण्याचं सूप करतात आणि मीठ किती त्यावरून भांडतात. लेकीने विचारलं, आई, तुम्ही नक्की काय करत होतात?

फोरमनसाहेबांनी मला खूण केली, गप्प. खरंच होतं, बाई आपल्या पायांनी गेली होती. सूप म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. दोन दिवस आणखी, मग विषय कायमचा बंद. पण माझ्यासमोर ती पोवळी होती, मुठी आवळून बसल्यासारखी, आणि नवरा अजून कोपऱ्यात. आम्ही घातलेलं मीठ पुरेसं होतं की जास्त झालं, ते सांगणारा माणूस फोनच्या पलीकडे होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोरमनसाहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मोठ्या आवाजावर लावला.

"पंपाची पिन मी काढली होती," ते मुलाला म्हणाले. "आता लावलीय. रेघ कुठे आहे ते सांगतो, पुढे काय करायचं ते तू सांग."

मग मी माझ्या मगाचं सांगितलं. मोरीचंसुद्धा सांगितलं. जावयाने सगळं ऐकून घेतलं. त्याने रेघ विचारली, फोरमनसाहेबांनी सांगितली. तो म्हणाला, बरोबर केलंत, आता उद्यापर्यंत काही घालू नका, उघडतील ती. रागाचा एक शब्द नाही. मला तर शरमेने फरशीत गडप व्हावंसं वाटायला लागलं. पण फोरमनसाहेबांना मुलाचा तो मऊ आवाज कसातरीच वाटला असावा.

"पंपाच्या नळीचं तोंड शेवटचं कधी साफ केलं होतंस?" त्यांनी विचारलं.

नखात अडकलेला मिठाचा कण त्यांनी काढून कपाटावर ठेवला.

"दगड झालाय तिथे. पंप कित्येक महिने चाललेला नाही. मग पाणी कोण घालत होतं?"

मग जावई अगदी बारीक आवाजात म्हणाला, की ऑफिसला जाताना तो रोज एक मग घालायचा. भरवसा वाटत नव्हता. एकदा पंप अडकला तर, म्हणून. सेन्सर मात्र आपण रविवारी साफ करतच होतो, असंही त्याने पुस्ती जोडली.

आता लेकीचा आवाज आला. तिने आधी हे नीट पुन्हा विचारून घेतलं. की एवढे रविवार ब्रश घेऊन तू त्या डोळ्यासमोर बसलास, माझ्या आईला पाण्याला हात लावू नको म्हणून बजावलंस, पाहुण्यांना दार उघडून दाखवलंस, आणि स्वतः मगाने ओतत होतास? जावई म्हणाला, अगं, यंत्र आहेच, मी फक्त त्याला थोडी मदत करत होतो. लेक म्हणाली, "बाई तर मी बघणारच आहे आता. पण आईसाठी नाही, बाबांसाठीही नाही. तुझ्यासाठी."

पुढचं आम्हाला ऐकायचं नव्हतं, पण फोन बंद कसा करावा ते दोघांनाही सुचेना. फोरमनसाहेबांनी तो कपाटावर पालथा ठेवला. आतून दोघांचं भांडण बारीक बारीक ऐकू येत राहिलं. त्यांनी मला विचारलं, चहा ठेवताय का. मी म्हणाले, माझा पांचट लागतो ना तुम्हाला. ते म्हणाले, आज घशात मीठ आहे, आज चालेल.

मी उठले तर टाकीत पाणी घालायचा मग माझ्याच हातात होता. तो त्यांनी काढून घेतला आणि आपल्या मांडीखाली ठेवून बसले.